कडुबाचं निळं पिंप

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत कुणाला काही झालं, की पहिली हाक कडुबाला जायची. कडुबा म्हणजे करमाडच्या रस्त्याला शिटा भरणारा रिक्षावाला. पन्नाशीचा, अंगानं दणकट, बोलायला मोकळाढाकळा. कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं, तर हातातली भाकर ताटात टाकून तो उठायचा आणि रिक्षा बाहेर काढायचा. भाड्याचं विचारलं तर म्हणायचा, "घरच्याकडून कुणी भाडं घेत असतंय व्हय?" हे वाक्य त्याचं ठरलेलं होतं. आणि खोटं कशाला बोला, ते म्हणताना त्याला स्वतःचंच लई कौतुक वाटायचं. गल्लीत आपल्या शब्दाला मान आहे, एवढीच त्याची इस्टेट. बाकी दोन खोल्या, एक रिक्षा आणि दारासमोर ओळीनं मांडलेली निळी पिंपं.

पिंपांचं जरा सांगायला पाहिजे. आपल्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि तेही त्याच्या मर्जीनं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळं इथला माणूस संसार मांडताना आधी पिंप आणतो, मग कपाट. भरून ठेवायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पातेलं रिकामं दिसलं तरी आपला हात शिवशिवतो.

कडुबाच्या घरचा नळ नुसताच फुसफुसायचा. जोर होता तो शेजारच्या द्वारकाबाईंच्या नळाला. त्यांचं भरून झालं की त्या लांबलचक पाइप ओढत कडुबाच्या दारात यायच्या, पिंपाच्या झाकणाच्या भोकातला चिंधीचा बोळा काढायच्या आणि पाइप आत सोडायच्या. घरी कुणी असो वा नसो, बारा वर्षं हे असंच चाललेलं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि कडुबाच्या घरातून कधी कुणी 'भरा' म्हणून सांगितलं नाही.

द्वारकाबाई साठीच्या, विधवा. मुलगा सोमनाथ मोटरसायकलवर घरोघर पार्सलं पोचवायचा. कोरोनात बाईंना वास यायचा बंद झाला होता तो काही परत आला नाही. डाळ करपली तरी शेजारणीनं सांगावं लागायचं, आणि त्यावरून गल्ली त्यांची थट्टाही करायची. माहेर पाचोडचं. तिथं एकुलता एक भाऊ, सांडू. राखीला पाचोडला जाणं जमलं नाही, की त्या कडुबाच्या हाताला राखी बांधायच्या अन्‌ म्हणायच्या, "एक भाऊ तिकडं, एक इकडं." म्हणून कडुबा त्यांना आक्का म्हणायचा आणि सोमनाथचा तो मामा झाला होता.

तर तिकडं आखातात लढाई पेटली. रिक्षा स्टँडवर ही बातमी फकिरानं आणली. फकिरा म्हणजे स्टँडचं आकाशवाणी केंद्रच. मोबाइल नाचवत म्हणाला, "समुद्रातली वाटच बंद केली म्हणं त्यांनी. तेलाची जहाजं उभी हायेत. पेट्रोल आता कुठल्या कुठं जातंय बघा." कोण कुणाशी लढतंय हे स्टँडवर एकालाही धड सांगता येईना, पण पेट्रोल म्हणल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. संध्याकाळपर्यंत पंपांच्या रांगा जालना रोडवर आल्या. भाव एकदा चढला, मग परत चढला. एका पंपानं तर दोरी बांधून पाटीच लावली, साठा संपला म्हणून.

आता कडुबाचं डोकं चाललं ते मुकुंदवाडीच्या रीतीनं चाललं. पाणी येणार नाही म्हणल्यावर आपण काय करतो? भरून ठेवतो. मग हे का नाही?

पिंप घेऊन गेलं तर पंपवाला हाकलून देतो. म्हणून कडुबानं युक्ती काढली. रांगेत लागून रिक्षाची टाकी भरायची, घरी यायचं, नळी तोंडानं ओढून पेट्रोल लहान निळ्या पिंपात सोडायचं, आणि पुन्हा दुसऱ्या पंपावर. तोंडात पेट्रोल जायचं, मळमळायचं. बडीशेप चघळत तो परत रांगेत उभा. धंदा बुडत होता, पण पिंप भरत होतं, आणि त्याचं त्याला असं समाधान, काय विचारता.

बायकोला, चंपाबाईला, हे अजिबात पटलं नव्हतं. ती म्हणाली, "घरात ठेवायचं नाय हे. पेटलं तर आपली राख बी घावायची नाय." मग कडुबानं ते पिंप बाहेर पाण्याच्या पिंपांच्या ओळीत ठेवलं. झाकण लावलं, भोकात बोळा कोंबला. रिक्षा शेजारीच उभी असायची, त्यामुळं दारात पेट्रोलचा वास नेहमीचाच.

"पाण्याच्या पिंपात कोण डोकवायला येतंय?" तो म्हणाला.

स्टँडवर सगळे रडगाणं गायचे, तर हाही गायचा. "आपलीबी टाकी कोरडी ठाक हाय." हे पहिलं खोटं तो इतक्या सहज बोलून गेला, की खोटं बोललो असं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग एका सकाळी सोमनाथ दारात आला. कडुबा पायरीवर चहा पीत बसला होता, ते पिंप त्याच्या कोपरापाशी. सोमनाथचे डोळे लाल झालेले.

"मामा, पाचोडचे मामा गेले. सांडूमामा. अकराला उचलणार हायेत. गाडीत पेट्रोल नाय, तीन पंप फिरून आलो. दोन लिटर असलं तर द्या, नायतर रिक्षा तरी काढा."

मागं द्वारकाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावलेला. रडत नव्हत्या, घाईत होत्या.

कडुबाच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यानं पुढं कितीदा तरी घोळवलं आणि दरवेळी त्याला स्वतःची किळस आली. त्याच्या मनात सांडू आला नाही, आक्का आली नाही. मनात आलं ते असं, की आज दोन लिटर काढले तर संध्याकाळी सगळी गल्ली दारात उभी राहील, मग कुणाकुणाला नाही म्हणायचं? आणि काल स्टँडवर टाकी कोरडी म्हणून बसलोय, त्याचं काय? एवढंच. दुसरं काहीही नाही.

"नाय रं बाबा," तो म्हणाला. "टाकी कोरडी हाय. असतं तर म्या दिलं नसतं व्हय?"

सोमनाथनं एकदा रिक्षाकडं पाहिलं. तेव्हा मागून द्वारकाबाईच म्हणाल्या, "चल बाबा, वेळ नको करू. त्यांच्याकडं असतं तर आपण मागायच्या आधी रिक्षा दारात लावली असती त्यांनी." आणि मायलेक झपाझप रस्त्याकडं निघाले, पाचोडकडं जाणारी जीप गाठायला.

कडुबा उठला. त्यांना हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. हाक मारून सांगायचं काय, पेट्रोल आत्ता उगवलं म्हणून? तो परत बसला. चहावर साय धरली होती, तो त्यानं मोरीत ओतला.

डिझेलच्या धाकानं जीपवाल्यांनी फेऱ्या कमी केल्या होत्या. एक जीप मिळाली ती भरेपर्यंत हलली नाही. मायलेक अंधार पडायच्या सुमाराला परत आले. चंपाबाई पिठलं-भाकरी घेऊन गेली आणि आली ती नवऱ्याकडं पाठ करून चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "आक्का म्हणत्यात, तोंड नाय दिसलं भावाचं. लांबून धूर दिसला."

कडुबा म्हणाला, "सांगतो उद्या त्यायला सगळं."

"सांगा," चंपाबाई म्हणाली.

उद्या आला, परवा आला. सांगण्यासाठी कडुबा द्वारकाबाईंच्या दारापर्यंत जायचा आणि "जेवलात का आक्का" विचारून परत यायचा. त्या म्हणायच्या, "जेवले बाबा." चंपाबाई बहिणीकडं बारशाला करमाडला गेली, जाताना परत एकदा म्हणाली, "सांगा." आणि हा बाबा काय करत होता? परत पंपाच्या रांगेत. पिंपात अजून जागा होती ना.

त्याच दुपारी नळाला पाणी आलं.

कडुबा रिक्षा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला तर दोघातिघांनी हात आडवे केले. "हितंच बंद करा रिक्षा. पुढं नका आणू." पेट्रोलचा वास असा, की डोळे चुरचुरावेत. गटारीवरून रंगीत तवंग वाहत चाललेला. सगळ्या गल्लीनं गॅस बंद करून दारं उघडी टाकली होती. सोमनाथ समोरच्या बांधकामावरून वाळूची पोती खांद्यावर आणून दारापुढं रिकामी करत होता.

काय झालं ते कडुबाला कुणी सांगावं लागलं नाही. लहान निळ्या पिंपात पाइप तसाच लोंबत होता. आक्कांनी नेहमीप्रमाणं बोळा काढला होता, पाइप आत सोडला होता आणि दुसऱ्या पिंपाकडं वळल्या होत्या. पाणी तळाला बसत गेलं, पेट्रोल वर येत गेलं आणि झाकणाच्या भोकातून ओसंडून गल्लीभर झालं. सगळ्या गल्लीला वास आला, फक्त ज्यांच्या पायावरून ते वाहत होतं त्यांना आला नाही.

समोरची संध्या कडुबाला म्हणाली, "आक्का चहा ठेवायला निघाल्या होत्या भाऊ. काडी हातात होती. मी ओरडले म्हणून." ती रागानं बोलत नव्हती, अजून घाबरलेलीच होती.

द्वारकाबाई पायरीवर बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. सोमनाथनं पोतं खाली टाकलं, हात झटकले आणि कडुबासमोर येऊन उभा राहिला. बारीक आवाजात म्हणाला, "मामा, हे त्या दिवशी व्हतं का?"

नंतर भरलं, असं म्हणता आलं असतं. ते खोटं अगदी जिभेवर येऊन बसलं होतं, आणि सोमनाथनं ते मानूनही घेतलं असतं. मानून घ्यायला तो तयारच होता, तोंडावर दिसत होतं. कडुबानं द्वारकाबाईंकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हतं."

सोमनाथनं मान हलवली आणि पोतं आणायला परत गेला.

मायलेकांनी शिव्या दिल्या असत्या तर कडुबाला झेपल्या असत्या. गल्लीनं पायताण काढलं असतं तरी त्यानं पाठ पुढं केली असती. पण द्वारकाबाई उठल्या, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "मला काय ठावं भाऊ. मला वाटलं रिकामं हाय, चंपा बी घरी नाय, भरून ठेवावं. माझ्या हातानं तुमचं एवढं पेट्रोल वाया गेलं." खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. त्या पिंपाकडं बघत होत्या, त्याच्याकडं नाही.

"आक्का," कडुबा म्हणाला. एवढा बोलका माणूस, मान खाली घालून वाळू पसरत बसला. फावडं कुणी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. तो हातानंच पसरत होता.

पुढं तिकडं काय ते मिटलं, जहाजं निघाली, पंपावरच्या रांगा विरल्या. भाव थोडा उतरला, थोडा तसाच राहिला, आणि फकिरा स्टँडवर दुसऱ्या बातम्या सांगायला लागला. कडुबाची रिक्षा परत करमाडच्या रस्त्याला लागली. गल्लीत कुणी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. फक्त संध्याच्या सासऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिच्या घरच्यांनी मोबाइलवरून दुसरी रिक्षा बोलावली. कडुबा दारातच बसलेला होता. त्यानं उठायला हात टेकला, तोवर ती रिक्षा आलीही होती.

नवं पिंप आल्यावरच्या पहिल्या पाण्याला तो मुद्दाम घरी थांबला. ते त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं होतं, तेही निळंच, दुसऱ्या रंगाची मिळत नाहीत. द्वारकाबाईंचं भरून झालं. त्या पाइप ओढत आल्या, बोळा काढायला वाकल्या आणि थांबल्या. पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलेलं, बोटांतून पाणी गळत होतं.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "यात पाणीच घालायचं ना?"

टोमणा नव्हता. वास येत नाही म्हणून विचारत होत्या. पण इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्या दारात पहिल्यांदा विचारलं होतं.

कडुबा खाली बसला. झाकण काढलं, पिंप त्यांच्याकडं कलतं केलं आणि त्यांना रिकामा तळ दिसेपर्यंत तसंच धरून ठेवलं. त्यांनी आत नीट वाकून पाहिलं, मग पाइप सोडला. पिंप भरेपर्यंत तो झाकण हातात घेऊन तिथंच बसून राहिला, आणि मान वर करून त्यांच्याकडं बघायची काही त्याची हिंमत झाली नाही.