सुरीची छबी

कापसाचा भाव चढला त्या वर्षांत अमरावतीतल्या आमच्या भट्टीला उसंत नव्हती. कापूस वाहून गाड्यांची चाकं सैल व्हायची, त्यांच्यावरच्या लोखंडी धावा निघून यायच्या, आणि गाडीवाले दारात खोळंबायचे. बा आणि माझा थोरला भाऊ घण मारायचे, मी भाता ओढायची. अकोल्याला माझं लग्न ठरलं होतं, तरी भाता माझ्याकडेच होता.

कापूस खरेदी करणारा एक गोरा साहेब आपल्या गाडीचं चाक घेऊन आला. त्याला शिकारीचा नाद. रानात कमरेला लावता येईल अशी सुरी त्याला हवी होती. दादानं ती एका झिजलेल्या कानशीच्या पोलादातून केली. दिवसभराचं काम आटोपलं की तो तिच्यापाशी बसायचा. तापवून जवसाच्या तेलात बुडवत तिला पाणी दिलं, बाभळीची मूठ बसवली.

साहेबाला देण्याआधी तिची परीक्षा घ्यायला आम्ही दोघं सकाळी गावाबाहेरच्या बाभूळबनात गेलो. दादानं वाळकं लाकूड उभं धरलं, त्यावर सुरी ठेवली आणि दांडक्यानं तिच्या पाठीवर ठोकत ते लाकूड उभं चिरलं. मग खोडात टोक रोवून मुठीवर सगळा भार दिला. पातं वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं. मला वाटलं, झालं. पण त्यानं बाजूच्या शेतातलं एक बोंड तोडलं आणि त्यातला कापूस धारेवरून हलकेच ओढला. टोकाजवळ एक तंतू अडकला.

"मले तर काही दिसत नाई," मी म्हणाले.

"तुले नाई दिसत. कापसाले दिसते."

तो बांधावर बसून दगडावर धार लावू लागला. मी ओंजळीतून पाणी सोडत होते.

"मुंबईले म्हणे घण वाफेवर चालते," तो म्हणाला. "माणसानं नुसतं लोखंड धरायचं."

"मंग माणसाले काम काय उरलं?"

"तेच पाहून यायचं हाय मले."

मी हसले. तो हसला नाही. पुढच्या खेपेला कापूस धारेवरून न अडकता सरकला.

सुरी पाहून साहेब इतका खूश झाला की तिची छबी काढून आपल्या भावाला विलायतेला पाठवायची म्हणाला. मुंबईहून आलेला एक तसबीरवाला त्याच्याकडे उतरला होता. तो पेटी, काचा आणि एक छोटा काळा तंबू घेऊन आमच्या अंगणात आला. तंबूतून औषधाचा उग्र वास येत होता.

पहिल्यांदा त्यानं दादाला भट्टीच्या दारात उन्हात उभं केलं, सुरी छातीशी आडवी धरून. "हलू नका," म्हणाला. दादा श्वास रोखून राहिला. थोड्या वेळानं तसबीरवाल्यानं ओली काच काळ्या कापडावर धरली आणि आम्ही सगळे वाकलो. दादा होता. डोळे, मिशी, कपाळावर चिकटलेले केस, सगळं होतं. सुरीच्या जागी मात्र नुसता पांढरा लखलखाट होता.

"पात्यावर ऊन चमकलं. सुरी आलीच नाही," तो म्हणाला. काचा मोजक्याच होत्या, म्हणून त्यानं फडक्यानं ती काच पुसून टाकली. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

मग त्यानं लिंबाच्या सावलीत ऐरण ओढून घेतली. मागं धरायला गडद कापड मागितलं. मायनं तिचं लाल लुगडं आणलं.

"लाल छबीत काळंच येतं. चालेल," तो म्हणाला.

एका बाजूला पांढरी चादर धरून त्यानं पात्यावर मऊ उजेड पाडला. केवढी सुरी आहे ते कळावं म्हणून दादाला मूठ धरायला सांगितली. या वेळी सुरी स्वच्छ आली, धारेपासून मुठीतल्या लाकडाच्या रेषांपर्यंत. सोबत दादाचा पंजा, मनगटापर्यंत. साहेब सुरी आणि छबी दोन्ही घेऊन गेला.

साहेबाच्या ओळखीनंच दादाला मुंबईच्या एका कारखान्यात काम मिळालं. आमच्या जवळच्या बडनेऱ्याला तेव्हा रेल्वे पोचली नव्हती. कापसाच्या गाड्यांसोबत तो निघाला. बानं त्याला अडवलं नाही, पण त्या दिवशी भट्टीही पेटवली नाही. पहिल्या भाऊबीजेला तो अकोल्याला माझ्या सासरी आला, माझ्या हातचं जेवला, घण खरंच वाफेवर चालतो म्हणाला. पुढं कुणीतरी सांगितलं, यंत्रं घेऊन जाणाऱ्या जहाजावर तो चढला. त्यानंतर काही कळलं नाही.

बा गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. दुपारी आम्ही वाती वळत बसायचो आणि बोलणं हमखास त्याच्यावर यायचं.

"हसला की डाव्या गालाले खळी पडे त्याच्या," माय म्हणायची.

"उजव्या, माय."

"मी जल्म देला त्याले. डाव्याच."

मग रात्री अंथरुणावर पडून मी त्याला समोर उभा करायची, हसवायची, आणि नेमका खळीपाशी आला की चेहरा विरून जायचा.