फळीवरची दुसरी गोळी

गसच्या कॉफीच्या दुकानात गल्ल्याच्या वर एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाची, भलीमोठी शिंगं टांगलेली आहेत. त्यांच्याखालच्या पाटीवर लाइल हॉगेनचं नाव होतं. ती पाटी डोळ्यांना दिसू नये म्हणून आर्डिस टॉलेफसनने त्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. माँटानातल्या त्या एवढ्याशा गावात कॉफीचं दुकान एकच, म्हणजे शिक्षा लाइलला नव्हे, तिलाच झाली. पण डूख धरलेल्या माणसाला हे कोणी सांगावं?

तो एल्क तिच्या नवऱ्याने, ऑरिनने मारला होता. कर्करोगाने पोखरलेला माणूस, शेवटची शिकार म्हणून काठी टेकत डोंगर चढला. त्याने गोळी झाडली, नर अडखळला आणि धडपडत डोंगराच्या धारेपलीकडे गेला. पलीकडे लाइल होता. त्याने आपला एक बार काढला आणि शिंगाला आपल्या परवान्याची पट्टी बांधून टाकली. त्या डोंगरांत रीत अशी की जीव घेणारी गोळी ज्याची, जनावर त्याचं. ऑरिन धापा टाकत पोचला तेव्हा लाइल हसत म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझी गोळी ढगात गेली. ही दोन्ही भोकं माझी."

गाव हसलं. ऑरिन भांडला नाही. अंथरुणाला खिळल्यावर एकदा एवढंच म्हणाला, "हात थरथरत होता गं, आर्डी. चुकलाच असेल माझा नेम." आणि तेच मनात घेऊन मेला. शिंगं गेली त्याचं आर्डिसला काही नव्हतं. त्या माणसाचा शेवटचा नेम लाइलने चोरला होता, आणि ते तिला कधीच पचलं नाही.

मग तिने सूड घ्यायचं ठरवलं. सप्टेंबरातल्या नेमबाजीच्या सामन्यात दरवर्षी लाइलच जिंकायचा. तिथे, साऱ्या गावासमोर, ऑरिनच्याच रायफलीने त्याचं नाक कापायचं. रायफल ऑरिनच्या बापाने जर्मनीच्या लढाईतून आणलेली, आठ मिलिमीटरची. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. दुकानात मिळणारी काडतुसं तिच्यात मिळमिळीत चालत, म्हणून ऑरिन ती घरीच भरायचा.

आर्डिस शाळेत स्वैपाकीण. मीठ चिमटीने घालणारी, आता बंदुकीची दारू कणाकणाने तोलू लागली. झडलेल्या पितळी पुंगळ्या घासायच्या, मापात आणायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची. मग मैदानावर जाऊन पुठ्ठ्यावर झाडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कळत नाही. एकदा लोभाने दारू वाढवली, तर टोपी चपटली आणि रायफलीची मागची खीळ उघडेना. आर्डिसने स्वतःलाच शिवी हासडली आणि मुकाट दारूचं माप खाली आणलं. पुठ्ठ्यावरच्या काळ्या ठिपक्याला ती लाइल म्हणायची. पुढे पुढे लाइलच्या नाकाडात भोकाला भोक चिकटून पडू लागलं.

आणि सामना लाइलनेच जिंकला, अगदी काकणभराने. आर्डिस दुसरी आली. दात ओठ खात ती पुंगळ्या गोळा करत होती, तेवढ्यात लाइलची हाक आली.

"अगं आर्डिस, भाजी ढवळणारीच्या मानाने बरा धरलास की नेम! ये, खरी शिकार बघ."

जिंकला की तो आपली फळी मांडायचा. जनावरांतून काढलेल्या गोळ्या तिच्यावर तारेने बांधलेल्या. गोळी जनावरातून निघाली की ती फेकायला शिकाऱ्याचा हात धजत नाही. त्या एल्कच्या दोन होत्या.

"ही मानेतली," लाइलने बोट ठेवलं. "आणि ही बघ, दोन्ही फुप्फुसं फाडून पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. हिनेच मारला."

आर्डिसने ती दुसरी गोळी चिमटीत धरली. पुढून फुलून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पण वर्षभर तिच्या बोटांना एकच माप माहीत होतं. ही त्याच मापाची होती.

"त्या दिवशी हीच रायफल होती तुझी?"

"दुसरी कधी हातात धरली नाही मी."

"बरं." तिने त्याने नेम धरायला अंथरलेल्या सतरंजीवरची रिकामी पुंगळी उचलली आणि फळीवरच्या दोन्ही गोळ्या सोडवल्या. झडलेल्या पुंगळीच्या तोंडात तिच्याच मापाची गोळी बुडाकडून अलगद उतरते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मानेतली गोळी लाइलच्या पुंगळीत उतरली. दुसरी तोंडावरच अडली. आर्डिसने दाबून पाहिली, फिरवून पाहिली. मग खिशातून स्वतःची पुंगळी काढली. गोळी आत सरकली.

गर्दीतून गस पुढे झाला आणि म्हणाला, "काय रे लाइल, तुझ्या रायफलीला दोन नळ्या आहेत का?"

लाइलचा चेहरा उतरला. "शिंगं घेऊन जा, आर्डिस. चुकलं माझं. माफी मागतो."

"माझी कशाला मागतोस? 'नेम चुकला' म्हणत मेला रे तो. त्याला जाऊन सांगता येतंय का बघ." तिने गोळी पुंगळीसकट खिशात टाकली. "शिंगं तिथेच राहतील. पाटी तू रंगवायचीस. तुझ्या हाताने, मी सांगेन तशी."

त्याने रंगवली. न रंगवून जातो कुठे? 'मारला: ऑरिन टॉलेफसन. पळवला: लाइल हॉगेन.'

लाइल आता घरीच कॉफी करून पितो म्हणतात. आर्डिस मात्र रोज गसकडे जाते, पाटीसमोरच्या टेबलाशी बसते. कॉफी पांचट असते, तरी ती दुसरा कप मागवते. "लागली होती रे तुझी," असं पाटीकडे बघून पुटपुटते. उत्तर येत नाही, आणि तिला लाइलचा राग पुन्हा पहिल्याइतकाच येतो.