जत्रेच्या दिवशी आलेली तपासणी

मला पहिल्यांदा कुणीतरी 'उद्योजक' म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. म्हटलं, आपल्या पाठीमागं कोण मोठा माणूस उभा आहे? नारायणगावात हायवेच्या कडेला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, शेड, द्राक्षबागेचे अँगल, जे येईल ते काम. पण पत्रा वाकवायच्या मशिनसाठी सरकारी योजनेतून कर्ज काढलं आणि मी रातोरात उद्योजक झालो. योजनेची अट एवढीच, की चार माणसांना काम द्यायचं. वर्षभरानं साहेब येणार, कामगार मशिनवर काम करताना बघणार, फोटो काढणार, मग अनुदान पक्कं.

रोजगार निर्मितीवर माझी मतं लई आहेत. आमची मंडळी म्हणते, तुमची मतं ऐकायला सरकारनं एक वेगळा माणूस पगारी ठेवावा, तेवढाच एक रोजगार वाढेल. माझं म्हणणं साधं आहे. सरकारला वाटतं मशिन आलं की रोजगार आला. अहो, मशिन तर टेम्पोतून येतं! माणूस कामावर यायचा तर त्याचं अख्खं घर हलवावं लागतं. हे मला कळलं ते माझ्या चौथ्या कामगारामुळं.

ती आमच्याच गावची सून. नवरा नारायणगाव-जुन्नर जीप चालवतो. त्या जीपचं कॅरिअर तुटलं म्हणून दोघं वर्कशॉपवर आली. मी वेल्डिंगचे टाके मारले, तर ही बाई वाकून बघते आणि म्हणते, "भाऊ, हितं नीट धरलं न्हाई. पुन्यांदा मारा."

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं हेच करतोय मी! होल्डर तिच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "मग तुमीच मारा की!"

तिनं पदर खोचला, मास्क घातला आणि मारला. टाका माझ्यापेक्षा सरस! लग्नाआधी आयटीआयला वेल्डर ट्रेड केलेला, नंतर चुलीपुढं बसलेली. मी तिथंच विचारलं, येता का कामाला? तिच्या तोंडावरचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

पण सासरा! म्हातारा करारी. "सून लोकंडाच्या कामाला? लोक काय म्हन्तील?" मी चार चकरा मारल्या, चार कप चहा संपवले, पण म्हातारा ढिम्म. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, सरकारी योजनेतलं काम हाय." त्यातला 'सरकारी' हा शब्द ऐकला आणि म्हातारा सरळ बसला. म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई का!" दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटला की आमची सून सरकारी हाय. मी खोटं बोललो नव्हतो, पण त्याचा गैरसमजही काढला नाही. योजना सरकारी, नोकरी माझी, एवढाच काय तो फरक!

वर्ष छान गेलं. मग मार्चमध्ये साहेबांचा फोन आला. नवे साहेब, बाहेरच्या जिल्ह्यातले, बोलायला अगदी मऊ. म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायचं आहे."

आता आमच्याकडं कुणी 'येतो' म्हटलं की तोंडातून आपोआप एकच वाक्य निघतं. मी म्हणालो, "या की साहेब, जत्रेलाच या!"

"कधी असते?"

मी तारीख सांगितली, त्यांनी लिहून घेतली. मी विसरून गेलो. असं आमंत्रण आम्ही बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही देतो.

जत्रेच्या दिवशी मी घाटात होतो. घाट म्हणजे बैलगाडे पळतात तो चढ. धुरळा, हलगी, भंडारा, भोंग्याच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. तेवढ्यात फोन. "मी तुमच्या दारात उभा आहे."

"या ना साहेब, घरात मंडळी आहे, जेवायला बसा!"

"घराच्या नाही. वर्कशॉपच्या. कुलूप आहे."

बोंबला! धावत गाडी काढली. साहेब उन्हात बॅग धरून उभे. म्हणाले, "तारीख तुम्हीच दिली होतीत."

काय सांगणार? या दिवशी आमच्या गावात तवा सोडून दुसरं काही तापत नाही, हे त्यांना कसं कळावं? मी हात जोडले. ते म्हणाले, उद्यापासून ते दुसऱ्या तालुक्यात. आज कामगार मशिनवर दिसले नाहीत तर त्यांना 'युनिट बंद' असंच कळवावं लागेल. अनुदान गेलं असतं तर मी रडतखडत निभावलं असतं. पण योजना रद्द झाली असं म्हाताऱ्याच्या कानावर गेलं, की तो सुनेला घरी बसवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"चला साहेब," मी म्हणालो, "कामगार घरोघरी आहेत. गोळा करू."

पण जत्रेच्या दिवशी पावण्याला न जेवता कोण सोडतो? पहिल्या घरी मासवडी आणि रस्सा. दुसऱ्या घरी मासवडी आणि रस्सा. तिसऱ्या घरी साहेबांनी ताटावर आडवा हात धरला, तर म्हातारीनं हात बाजूला सारून वाढलं. तीन कामगार मिळाले, पण साहेबांनी बॅगेनं पोट झाकून घेतलं होतं.

चौथं घर तिचं. अंगणात नवी शेड, शेडखाली पावण्यांची पंगत. म्हातारा प्रत्येक पावण्याला वर बोट करून सांगत होता, "यंदा शेड केली. आता कुनाला ऊन लागायचं न्हाई." ती पैठणी नेसून रस्सा वाढत होती. मला आणि साहेबांना बघून थबकली.

"या, या! सायेब, आमची सून सरकारात हाय बरं का," म्हातारा मोठ्यानं म्हणाला.

साहेब भला माणूस, तिथंच घात झाला. म्हणाले, "नाही आजोबा, ही सरकारी नोकरी नाही. काम या भाऊंनी दिलंय. सरकारनं फक्त मशिनला मदत केली."

पंगतीतला एक पावणा फिसकन हसला. "म्हंजी सरकारी न्हाईच की राव!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडं असा बघायला लागला की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग सुनेला म्हणाला, "आत जा. आज कुटं जायाचं न्हाई. आन् उद्याबी न्हाई."

ती हलली नाही. रस्स्याची बादली खाली ठेवली. "मामा," ती म्हणाली, "नोकरी सरकारी न्हाई, खरंय. पन तुमी सकाळपासून ज्या शेडचं कवतिक सांगताय, तिच्या कैच्या म्याच जोडल्यात."

सगळी पंगत वर बघायला लागली. घास हातात तसेच. छपराचा सगळा भार पेलणाऱ्या त्या लोखंडी कैच्या. खरंच तिनंच वर्कशॉपवर जोडल्या होत्या. बसवायला गडी आले, म्हणून म्हाताऱ्याला वाटलं गड्यांनीच केल्या. त्यानं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि कैचीला ठण्णकन ठोकली. "टिकंल का?"

"तुमच्या नातवाच्या लग्नाची पंगत बसंल हिच्याखाली."

"नातू आधी हू दे की!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं, आणि एकच हशा झाला. म्हातारा हसला नाही. बराच वेळ वरच बघत राहिला. मग त्यानं वाकून रस्स्याची बादली स्वतःच्या हातात घेतली.

"मग हुबी काय ऱ्हायलीस? सायेब खोळंबल्यात. जा की!"

मला नाचावंसं वाटलं. निम्मी पंगत हात धुऊन आमच्या मागं निघाली, सून काय करते ते बघायला. वर्कशॉपचं कुलूप निघालं, तिघं पत्र्याच्या मशिनला लागले. तिनं पैठणीवर जाडा कोट चढवला, मास्क ओढला आणि ठिणग्या उडाल्या. पोरं शिट्ट्या मारत होती. साहेबांनी फोटो काढला. कामगार चार आणि फोटोत फेट्या-टोप्यांची ही गर्दी! साहेब म्हणाले, "एवढा रोजगार तर कुठल्याच युनिटनं दिला नसेल."

अनुदान आलं. तो फोटो कुठल्या तरी फायलीत असेल. त्यात म्हातारा नाही. तो तेव्हा शेडखाली पंगतीला वाढत होता.

आम्ही परत आलो तेव्हा पावणे पांगले होते. ती बादली घ्यायला पुढं झाली, तर म्हाताऱ्यानं दिली नाही. पाट टाकला, तिला बसवलं, आणि स्वतः वाढायला लागला.

"बास, मामा, लई झालं," ती म्हणाली.

"खा," म्हातारा म्हणाला, "उद्या कामावर जायाचंय."