तिसरं मैदान

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर ओल्या चादरी उपसून तिचे खांदे भरून आले होते, तरी लेकीला घेऊन ती तिसरा फुटबॉल क्लब बघायला आली. पहिल्या क्लबात कपाटं भरून कप होते, पण तिथले कोच हरलेल्या पोरींवर असे खेकसले, की लेक आईच्या पाठीमागेच लपली. दुसऱ्या क्लबात तिला खेळायलाच मिळालं नाही, नुसती बाकावर बसून राहिली. इथलं मैदान खडबडीत, शिवाय यायला दोन बस कराव्या लागल्या. लेक खेळायला उतरली, तशी आई पायरीवर टेकली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा मातीने माखलेली लेक समोर उभी होती.

"आई, माझ्यामुळे गोल झाला आमच्यावर."

"मग? सर ओरडले?"

"नाही गं. म्हणाले, पुन्हा तिथेच उभी राहा. पुढचा मी अडवला! इथेच येऊ या ना?"

दोन बस, रोजच्या कामानंतर. आईच्या जिवावर आलं.

"येऊ या," ती म्हणाली. "पण बसमध्ये मी झोपणार. स्टॉप आला की तू उठवायचंस."

दोन्ही बस आल्या त्या खच्चून भरलेल्या. दोघी उभ्यानेच घरी आल्या.