लख्ख धुतलेली मडकी

आमच्या ह्यांना सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. गावदेवीसमोर वर्षानुवर्षं हात जोडले, तिला घरातलं सगळं सांगायचे आणि हे तेवढं वगळायचे — जसं काही तिला दिसलंच नसेल. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही कुठले कोण मला ठाऊक नाही, म्हणूनही असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही.

राई गावात, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमचं ताडीचं दुकान होतं. सासऱ्यांनी उभं केलेलं. दारूबंदीच्या वर्षांत ताडी बंद झाली आणि नुसती नीरा विकायची परवानगी राहिली. आता मला सांगा, मिठागरावर दिवसभर उन्हात राबलेला माणूस संध्याकाळी गोड नीरा पिऊन काय करणार? गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. पुढे ताडीला पुन्हा मोकळीक मिळाली, पण तोवर सासरे गेले होते आणि दुकान आमच्या ह्यांच्या हातात आलं होतं. दामू त्यांचं नाव. स्वभावाने गरीब, कुणाला उलटा शब्द बोलणार नाहीत. पण दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते स्वतःच. बाकडी मोडली, कौलं सरकली, दारात गुडघाभर गवत वाढलं. शेवटी शेवटी दोन म्हातारे आणि एक कुत्रं एवढेच यायचे, त्यातलं कुत्रं तेवढं शुद्धीत असायचं.

मग आली फिलू.

फिलोमिना नाव, पण सगळे फिलूच म्हणत. उत्तनची. तिचा नवरा जुझे होडीवर जायचा, पाठ धरली म्हणून समुद्र सोडला. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. दोघांनी आमचं दुकान चालवायला घेतलं. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहिलो — विहीर एक, अंगण एक. मी मनात म्हटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस. मासेवाली बाई, हिला ताडीतलं काय कळतंय?

तिला ताडीतलं खरंच काही कळत नव्हतं. पण माणसांतलं कळत होतं, हे मला उशिरा कळलं. तिनं भिंतींना चुना दिला, कौलं परतून घेतली, बाकडी रंगवली, दिवेलागणीला गॅसबत्ती टांगली. आणि चुलीवर बोंबील तळायला घेतले. त्या वासावर मिठागरावरची माणसं यायला लागली, मग स्टेशनात उतरून मोरव्याला, डोंगरीला जाणारी माणसं वाट वाकडी करून यायला लागली. कुणी आवाज चढवला की फिलू नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तो गप्प. गावातल्या बायका — ज्या माझ्या वेळी दुकानावरून तोंड फिरवून जायच्या — त्याच मागच्या दारानं तिच्याकडून जवळ्याची चटणी न्यायला लागल्या. मलाही ती रोज वाटीभर द्यायची. पहिले दोन दिवस मी ती शिवले नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून खाल्ली, वाटी बोटानं पुसून. आणि बाहेर येऊन सांगितलं, मीठ कमी आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, ते हेच.

तरी मी म्हणेन, दुकान चाललं याचं मला फार नव्हतं. खरंच. दुसऱ्याचं दुकान चालतं, चालू दे. मला झोंबलं ते वेगळंच. सांगते — जरा दमानं घ्या.

आमचे हे त्या दुकानात जाऊन बसायला लागले. आता गिऱ्हाईक म्हणून. आणि फिलू त्यांना एक पेला द्यायची, दुसरा मागितला की म्हणायची, "दामूदादा, बस आता." आणि हे बसायचे, म्हणजे थांबायचे हो. हसून पेला उपडा घालायचे. बाकड्याचा पाय डुगडुगला तर हातोडी घेऊन ठोकून द्यायचे. मोठ्यानं हसायचे — ते हसणं मी लग्न झाल्यावर पहिली दोन-चार वर्षं ऐकलं होतं, नंतर नाही. मी पंधरा वर्षं ओरडले, रडले, उपास धरले, माहेरी जाऊन बसले. ह्या बाईनं "बस आता" म्हटलं आणि झालं? माझ्या बोलण्यात काय काटे होते?

लोक म्हणायचे, फिलूनं दामूला माणसात आणलं. माझ्या तोंडावर म्हणायचे, मला आनंद होईल म्हणून. मी हो हो करायचे. आत असा जळफळाट व्हायचा की ताटावरून उठावंसं वाटायचं. नवरा सुधारल्याचं दुःख होणारी बाई तुम्ही पाहिलीय का? मग बघून घ्या.

त्यात फिलूनं मला काम दिलं. मडकी धुवायचं. तिच्या मनात पाप नव्हतं, उलट मलाही चार पैसे मिळावेत असंच असणार. म्हणाली, "वच्छीबाय, तुला ठावं हाय सगलं, मला न्हाय." पण माझ्याच अंगणात, माझ्या सासऱ्याच्या दुकानाची मडकी, मी दुसरीची चाकर म्हणून धुवायची — मला वाटलं हिनं मुद्दाम केलं. चोराच्या मनात चांदणं.

आता मडक्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताड छेदला की रस गळतो, तो मडक्यात धरायचा. रस गोडच असतो. तो आंबतो, चढतो, तो मडक्याच्या जोरावर. माझी सासू सांगायची, ताडीचं मडकं नुसतं विसळायचं, खरवडायचं नाही — आदल्या ताडीचा वास आत राहिला पाहिजे, दह्याला विरजण लागतं तसं. आणि नीरेचं मडकं ह्याच्या बरोब्बर उलट. ते राखेनं घासायचं, कढत पाणी ओतायचं, मग धुरावर धरायचं, म्हणजे रस गोडच्या गोड राहतो. बंदीच्या वर्षांत मी ते केलेलं. दोन्ही हात मला येत होते.

एक दिवस मी ताडीची मडकी नीरेसारखी धुतली.

ठरवून केलं का? हो. ठरवूनच केलं. पहिल्या दिवशी तीन-चारच, मग सगळीच. दुकानातला मोठा रांजणही राखेनं घासून काढला. अंगणात सगळ्यांसमोर घासत बसायचे. फिलू येऊन बघायची आणि म्हणायची, माझ्या घरातली भांडीपण इतकी लख्ख न्हायत गो. तिला बिचारीला वाटायचं, जेवढं स्वच्छ तेवढं चांगलं. मासे विकणाऱ्या बाईला ते वाटणारच. मी मान खाली घालून घासत राहायचे.

ताडी चढेना. संध्याकाळपर्यंत निम्मी गोडच. मिठागरावरची माणसं दोन-चार दिवस बोलली नाहीत, मग कुरकुरायला लागली, मग म्हणायला लागली की ह्यात पाणी मारतात. एकदा तोंडातून तोंडात गेलं की झालं. बाकडी रिकामी व्हायला लागली. फिलूचे बोंबील उरायला लागले. आणि मला — काय सांगू — मला रात्री झोप छान लागायला लागली.

पण पाणी मारतं कोण, हा प्रश्न आला. फिलू आणि जुझे मारत नाहीत हे त्या दोघांना माहीत होतंच. मग राहिला म्हादू.

म्हादूकाका हा आमचा ताडी काढणारा. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. माझ्या लग्नात ह्याच्याच खांद्यावर बसून आमच्या पुतण्यानं अक्षता टाकल्या होत्या. दुकानाला मरणकळा आली तेव्हाही त्यानं आम्हाला सोडलं नाही. तोंडाचा फाटका, शिव्या देऊनच बोलायचा, पण दर उन्हाळ्यात ताडगोळे उतरले की पहिला घड माझ्या दारात ठेवायचा. मडकी घ्यायला यायचा तेव्हा एकदा म्हणालाही, "मडकी जरा जास्तच सुकी लागतात गं, वच्छे." मी म्हटलं, उन्हाचे दिवस आहेत काका. त्याला पटलं. माझं म्हणणं त्याला का पटू नये?

जुझेनं त्याला अंगणात उभा केला. वाटेत ताडी दुसरीकडे विकतोस आणि पाणी भरून आणतोस, असं तोंडावर म्हणाला. म्हादू आधी हसला, मग भडकला, मग गावदेवीची शपथ घेतली. मग म्हणाला, मडकी बघा, मडक्यांत काहीतरी हाय. जुझेनं मडकी बघितली. एकूण एक लख्ख. फिलूच म्हणाली, वच्छीबायच्या कामात खोट न्हाय.

आमचे हे तिथेच होते. उठून म्हणाले, म्हादू असं करणार नाही, मी लहानपणापासून बघतोय त्याला. ज्याला मी जन्मभर बेवडा म्हटलं, त्याची जीभ त्या दिवशी सरळ चालली. पण दामूचा शब्द कोण धरणार? म्हणून फिलू माझ्याकडे वळली. तू सांग, म्हणाली. तू एवढी वर्षं ओळखतेस. तू म्हणशील तसं करू.

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हादूसुद्धा बघत होता, आणि तो घाबरलेला नव्हता. माझ्याकडे विचारणं आलंय म्हणजे आता सुटलो, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मला दोन शब्द बोलायचे होते. मडकी मी बिघडवली, हे म्हणायची छाती नव्हती, ठीक — पण "म्हादू असा नाही" एवढं तरी? मी म्हटलं, "काय सांगावं बाई. माणसाच्या पोटात शिरून कुणी बघितलंय?"

एवढंच बोलले. त्या दिवसापासून म्हादू आमच्या अंगणात आला नाही.

पुढचं ऐका, ते ह्याहून वाईट आहे. मी घाबरले. आता म्हादू नाही आणि ताडी तरीही गोडच निघाली, तर सगळे मडक्यांपाशी येणार. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी मडकी सासूनं शिकवल्यासारखी नुसती विसळायला लागले. डोंगरीचा एक जवान गडी फिलूनं ठेवला होता. त्याची ताडी आठवड्याभरात अशी चढायला लागली की माणसं परत आली, होती त्याच्या दुप्पट. आणि सगळं गाव म्हणालं — बघा, म्हादूच पाणी मारत होता. माझ्या एका शब्दानं जे अर्धवट राहिलं असतं, ते माझ्या हातानं पुरं झालं. आता मीच उठून त्याच्या बाजूनं बोलले असते, तरी कुणी ऐकलं नसतं. आणि मी बोलले नाहीच.

त्याला कुठल्याही दुकानानं ठेवलं नाही. पाणी मारणारा म्हणून नाव झालं की ताडीवाला संपतो. तो मिठागरावर गेला, त्या वयात. ताडावर चढून चढून त्याच्या पायांना भेगा होत्या, त्यांत मिठाचं पाणी जायचं. रस्त्यानं चालताना तो टाच टेकत नसे. त्याला वाटायचं की फिलूनं स्वतःचा माणूस घुसवायला हे कुभांड रचलं. भर बाजारात तिच्या नावानं बोटं मोडायचा. माझ्यापाशी थांबून बोलायचा. आणि मी मान डोलवायचे. हो काका, म्हणायचे, असतात अशी माणसं.

फिलूचं काय झालं विचाराल, तर काही नाही. दुकान पुष्कळ वर्षं छान चाललं. आमचे हे एका पेल्यावरच राहिले. ती मला रोज चटणी देत राहिली. माझा जळफळाट कमी झाला का? नाही झाला. एवढं करूनही नाही झाला, हेही सांगून टाकते.

म्हादू गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी दार वाजलं. तो उभा होता, हातात फडक्यात बांधलेले ताडगोळे. मी बघत राहिले, कारण त्याच्याकडे आता एकही ताड नव्हता. म्हणाला, "आपल्या ताडाचे न्हायत, वच्छे. टेसनावरून इकत आणलेत. पण दर वर्साचं हाय, चुकवू कशाला? साऱ्या गावात तूच एक माझ्या बाजूची हायस."

मी त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो म्हणाला, खा की, माझ्यासमोर खा, गोड हायत का सांग.

मी त्याच्यासमोर बसले, एकेक सोलला आणि सगळे खाल्ले. गोड होते. तसं त्याला सांगितलं.