पंख्याचं बटण

आज दुपारी लाईट गेली, तशी मी उठून पंख्याचं बटण बंद केलं. सून म्हणाली, "आई, लाईटच नाही, मग बटण कशाला बंद करता?"

पोलादपूरच्या घरात मी माझ्या आईला अगदी हेच म्हटलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आमचा पोपट मिठू उडायला शिकत होता. लाईट गेली की पंखा थांबायचा. तेवढ्यात मी हिरवी मिरची दाखवून त्याला फळीवरून हातावर बोलवायचे.

"बटण बंद कर गो," त्या दिवशी आई चुलीजवळून म्हणाली.

"लाईटच नाय, कशाला?"

मिठू झेपावला. शेजारची पोरं आनंदानं ओरडली, "आली, लाईट आली." पंखा फिरला. मिरची माझ्या हातात तशीच राहिली.

सुनेला एवढंच म्हटलं, "न सांगता येते गो."