नावाची बाजू भिंतीकडं

"लांब उभारा रं, चुना तापलाय!"

आक्का असं ओरडली की समजायचं, दसऱ्याची साफसफाई सुरू झाली. अर्ध्या कापलेल्या पिंपात चुन्याचे खडे आणि वर पाणी. ते खदखदू लागलं की ती पदर नाकाला लावून लांबूनच काठीनं ढवळायची. दुसऱ्या दिवशी निवलेला चुना जुन्या लुगड्यातून गाळायची, त्यात चिमूटभर नीळ आणि भाताची पेज घालायची. "पेज न्हाय घातली तर टेकून बसलेला जावई पांढरा हून जातोय," हे तिचं दरवर्षीचं.

वडगावच्या आमच्या गल्लीतली ही शेजारीण, सगळ्यांचीच आक्का.

चुना मारायचा म्हणजे घर रिकामं करायचं. तुम्हीही पाहिलं असेल, त्या दिवशी प्रत्येकाचा संसार दारात येतो. वाकळा, पाट, डबे, हंडे. येणारा-जाणारा बघतो आणि कुणाकडे काय आहे ते ध्यानात ठेवतो.

एका वर्षी आमच्याकडे दारात मांडण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडिलांचा हातमाग बंद पडला होता, मी शिकून घरी बसलो होतो. आईची तांब्या-पितळेची भांडी मीच पोत्यात घालून सायकलवरून मोडीला नेली होती. त्या पोत्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आणि नेमकी ताईची सोयरीक निपाणीला जुळत आलेली. पाहुणे गल्लीत चौकशी करणार, गल्ली सगळं सांगणार.

"औंदा चुना नको," आई म्हणाली. पण एकटंच घर मळकं राहिलं असतं तर त्याचीही चर्चा झाली असती.

चुना मारायच्या दिवशी सकाळी आक्का हंडा घेऊन आमच्या पायरीवर हजर.

"माझ्या दारात जागा न्हाय गं, हितं ठेवते."

मग कळश्या, परात, घंगाळ. नाव कोरलेली बाजू तेवढी ती भिंतीकडं करत होती.

"बघत काय उभारलास? लाव की हात!" ती माझ्यावर खेकसली.

थोड्या वेळानं कोपऱ्यावरची काकू आक्काच्या दारात थांबली. तिथं दोन पाट आणि एक सूप.

"आक्का, भांडी कुठं गेली?"

"ह्या वयात घासतंय कोण? घातली मोडीला."

"लेकानं घालाय लावली व्हय?"

"त्यो कसला लावतोय! त्याला बाजाराची पिशवी उचलंना." आक्का हसली आणि कुंचा बुडवून भिंतीकडं वळली.

संध्याकाळी मी भांडी परत द्यायला गेलो. तिनं दारातच अडवलं.

"पावणं येऊन जाऊंद्यात. मग आण."

तोवर तिच्या सुनेनं अंघोळीचं पाणी पत्र्याच्या डब्यात तापवलं. तरीही लेकानंच आईची भांडी मोडीत काढली, हे गल्लीत पुढच्या दसऱ्यापर्यंत चघळलं गेलं. लेक आईवर चिडला. आक्कानं कुणालाही खुलासा केला नाही. मीही केला नाही, आणि ते मला टोचत राहिलं आहे.

ताईची सोयरीक जमली. ती निपाणीत सुखानं नांदते आहे.

यंदा घट बसायच्या आधी आक्का गेली. सुतक फिटल्यावर तिचं घर धुवायला काढलं, त्या दिवशी ताई आली होती. आईनं तिला ते सगळं पहिल्यांदाच सांगितलं. आक्काची सून बादली घेऊन दारात उभी होती. ताईनं तिच्या हातातली बादली घेतली.

"वैनी, तुम्ही बसा."

पदर खोचून ती आत गेली. आम्ही पायरीवर बसून राहिलो. आतून कितीतरी वेळ फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता.